शेतातलं टेकाड सपाट करताना रांजण निघाला, आजी म्हणती हात लावू नका, काय करावं?

माणदेशी_गडी

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आटपाडी तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, त्यात माळाच्या अंगाला एक टेकाड आहे. उंची दीड पुरुष असंल, कडंनं मोठमोठे धोंडे अर्धे मातीत गाडलेले, आणि माथ्यावर एक कोरीव दगड उभा, त्याला आम्ही लहानपणापासून 'वीर' म्हणतो. इतकी वर्षं तिथं कुसळं आणि बाभळी, कोण ढुंकून बघत नव्हतं. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि माळाला सोन्याचा भाव आला, तात्यांनी (माझे चुलते) डाळिंब लावायचं काढलं, म्हणून गेल्या आठवड्यात जेसीबी लावला टेकाड ओढायला. पहिला बकेट नुसती माती, दुसऱ्या बकेटला खापरं आणि तिसऱ्याला एक रांजण. मोठा नाही, गुडघ्याएवढा, काळा-तांबडा, तोंडावर दुसरं वाडग्यासारखं भांडं पालथं घातलेलं. ते वाडगं फुटलं आणि आत बघतोय तर राखंसारखी माती आणि बारकी हाडं. ड्रायव्हरनं मशीन बंद केली, खाली उतरला, चप्पल काढली आणि म्हणाला मी पुढं ओढत नाही, भाडं नाय दिलं तरी चालंल.

आता आजीचं म्हणणं ऐका. आजी ८६ वर्षांची आहे. तिच्या मते ते टेकाड गवळ्याच्या राज्यातलं. गवळ्याच्या पोराचं वऱ्हाड तिथनं चाललं होतं, नवरीनं पाणी मागितलं तर कुणी दिलं नाही, तिच्या तळतळाटानं अख्खं वऱ्हाड जमिनीत गडप झालं आणि कडंचे धोंडे म्हणजे ते वऱ्हाडी. दुसरी गोष्ट, पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं की आदल्या रात्री टेकाडावर पानसुपारी ठेवून भांडी मागायची, सकाळी तांब्याची भांडी हजर, कार्य झालं की धुऊन परत न्यायची. मग एका बाईनं एक पळी ठेवून घेतली तेव्हापासून बंद झालं. (ती बाई आमच्या शेजारच्या भावकीतली होती असं आजी ठामपणे सांगती, भावकीवाले म्हणतात ती तुमच्याच घरची.) गाय व्याली की पहिला चीक वीरावर घालायचा आणि शेळ्या घेऊन तिकडनं जाताना एक खडा टेकाडावर टाकायचा, हे मी स्वतः केलंय.

तात्या म्हणतात हे सगळं थोतांड, आदिलशाहीतला टेहळणीचा बुरूज ढासळलेला असणार. आणि जास्त बोंबाबोंब केली तर सरकार जमीन घेईल ही त्यांची खरी भीती.

माझा प्रश्न एवढाच की हे खरंच कुणाचं थडगं आहे का, आणि आता पुढं काय करू?

---

बापू_कराडकर

भावा पळीची गोष्ट वाचून हसून मेलो. आमच्याकडं हीच गोष्ट कोयनेच्या डोहाची सांगतात, फक्त पळीच्या जागी परात आहे. आणि परात ठेवून घेणारी बाई शेजारच्याच भावकीतली 😄 कुठल्याच गावात ती स्वतःच्या घरची नसते.

---

खापरवेडा_सातारा

पहिलं काम, मशीन परत लावू देऊ नका. रांजणातली माती उपसू नका, धुऊ नका. उत्सुकता असते मला कळतं, पण त्या मातीत जळकं धान्य, मणी, दात काहीही असू शकतं आणि हाडापेक्षा कधीकधी तेच जास्त बोलतं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. आपल्याकडं शेतातल्या उंचवट्याला लोक सरसकट 'टेकाड' म्हणतात पण त्यात दोन-तीन जाती आहेत. एक म्हणजे पांढर. जुनं गाव उठून गेलं की त्याच्या भिंती, राख, शेण, खापरं सगळं बसत जाऊन पांढरट भुसभुशीत मातीचा उंचवटा राहतो. म्हणून तर आपण वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणतो. ही माती धाब्याला आणि खताला चांगली, म्हणून निम्म्या महाराष्ट्राचा इतिहास बैलगाडीतनं शेतात पसरला गेलाय, कुणाला दोष देऊन उपयोग नाही. कोल्हापूरची ब्रह्मपुरी ही असलीच टेकडी, पंचगंगेच्या काठाची. तिथं १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं, थेट रोमशी व्यापार असलेलं गाव निघालं.

दुसरी जात म्हणजे खरी दफनाची. यात आपल्याकडचं सगळ्यात मोठं ठिकाण विदर्भ. नागपूरपासून काटोल रोडला जुनापाणी म्हणून आहे तिथं दगडांची वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. मोठ्या धोंड्यांचं कडं आणि मधे दगडमातीची भर. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यानं खणून बघितली, नंतर १९६१-६२ ला थापरांनी शिस्तीत खणली. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथं शां. भा. देवांच्या टीमनं काम केलं. माणसाच्या सोबत घोडा पुरलेला सापडलाय, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, लगामाच्या कड्या. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. काळ साधारण इसवी सन पूर्व १००० पासून पुढचा. आणि भांडी कुठली म्हणाल तर काळी-तांबडी, आतनं आणि तोंडाकडं काळी, खाली तांबडी. म्हणून तुमचं ते 'काळा-तांबडा' वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पण तसली भांडी वस्तीच्या जागेवर पण मिळतात आणि नंतरच्या काळातली पण मिळतात, तेव्हा रंगावरनं उडी मारू नका. कडंचे धोंडे मात्र मोजा. गोल पुरा होतोय का बघा आणि त्यांच्या पाठीवर वाटीएवढे खळगे आहेत का हात फिरवून बघा. जुनापाणीच्या धोंड्यांवर तसले खळगे रांगेनं आहेत.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, रांजणात पुरणं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठाला इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं खोदलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, आपलेच बाप-आजे म्हणा. तिथं लहान पोरं गेली की दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात लेकरू ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरायचं. बाहेर स्मशानात नाही, घरात, जिथं आई रोज सारवते तिथंच. मोठी माणसं उत्तरेला डोकं करून उताणी पुरलेली आणि बहुतेकांचे पाय घोट्यापासनं तोडलेले. का? उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज असा की गेलेल्यानं उठून चालत जाऊ नये म्हणून. आपण स्मशानातनं येताना मागं वळून बघत नाही ना, त्याच भीतीचा हा थोरला भाऊ. एका माणसाला मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलंय आणि त्याचे पाय शाबूत. तो गावचा म्होरक्या असणार असं म्हणतात. दोनशेच्या वर दफनं मिळाली तिथं, म्हणजे तुमचा रांजण एकटाच असंल असं समजू नका. जेसीबीचा चौथा बकेट कशावर पडला असता विचार करा.

वीराबद्दल, त्याचा फोटो टाका. खालच्या पट्टीत मारामारी किंवा गाई, मधल्या पट्टीत दोन बाया एका माणसाला उचलून नेतायत, वर शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्र-सूर्य असं काही असंल तर तो वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. बहुतेक वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे टेकाड जर खरंच दफनाचं असलं तर दगड त्याच्यापेक्षा लई नंतरचा. दोन्ही एका जागी का? कारण जागा आधीपासनं 'भारी' होती म्हणून पुढच्या माणसांनी आपला मेलेला तिथंच आणून उभा केला असावा, असं मला वाटतं.

---

धनाजी_९६

हाडं निघाली म्हंजे खाली धन असतंय हे नक्की. राखण म्हणून माणूस पुरायचे पूर्वी. अमावस्येला उजेड दिसतो का तिथं? कुणी पायाळू असंल घरात तर त्याला घेऊन जावा. माझ्या वळखीचा एकजण आहे मशीन घेऊन येतो, निम्मं-निम्मं.

---

कोर्टाची_पायरी

@धनाजी_९६ हे सगळं लेखी लिहिलंत ते बरं केलं 🙂 गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. ज्या कायद्यासाठी आपल्या साताऱ्याच्या दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला, तोच कायदा. निदान सातारा-सांगलीच्या माणसानं तरी हा विषय चेष्टेत काढू नये.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी. जुना गुप्तनिधी अधिनियम १८७८ अजून चालू आहे. जमिनीत दडवलेली किमती वस्तू दहा रुपयांच्या वर असली तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये १८७८ चे, हसू येतं पण आकडा तोच आहे. तुमचा रांजण किमती नसला तरी पोलिसपाटील आणि तलाठ्याला लेखी द्या, कारण माणसाची हाडं म्हटली की उद्या कुणी भावकीतला उठून भलतंच बोलायला नको. कागदावर तारीख टाका.

तात्यांना सांगा, वस्तू सापडली म्हणून सातबारावरचं नाव उडत नाही. लोक ऐकतात ती शंभर मीटरची बंदी राष्ट्रीय संरक्षित स्मारकाला आहे, तुमच्या टेकाडाला कुणी तसं जाहीर केलेलं नाही. बातमी लपवून गुपचूप ओढलं आणि नंतर फुटलं तर जास्त त्रास.

---

जत_सीमेवरचा

मी जतचा, आमचं घर लिंगायत, आमच्यात माणूस गेला की पुरतात, तेपण बसवून. त्यामुळं हाडं दिसली की तीन हजार वर्षं असं लगेच धरू नका, गोसावी, लिंगायत, शिवाय लहान पोरं तर सगळ्यांतच पुरतात, शंभर वर्षांपूर्वीची समाधी पण असू शकते. पण समाधी म्हटली की माणूस बसवलेला असतोय, रांजणात राख आणि वर वाडगं पालथं हे आमच्यात ऐकलं नाही, त्यामुळं तुमचं जुनंच असंल बहुतेक.

गोष्टींचं म्हणाल तर कानडी मुलखात अजून भारी आहेत. कोप्पळकडं हिरेबेणकल म्हणून डोंगर आहे तिथं दगडी फरशा उभ्या करून शेकड्यानं घरं केल्यासारखी थडगी आहेत, पुढच्या फरशीला गोल भोक. लोक त्याला 'मोरेर मने' म्हणतात, मोऱ्यांची घरं. मोरे म्हणजे वीतभर उंचीची माणसं होती म्हणे, एवढी बारकी पण ताकद एवढी की फरशा उचलायची, आणि शेवटी आकाशातनं आग पडून सगळी मेली. त्या भोकातनं ये-जा करायची म्हणून बुटकी असणार असा हिशोब कुणीतरी लावला असणार, आणि हिशोब काय चुकीचा नाही, घर समजलं तर दार तेवढंच आहे!

अजून एक. हंपीजवळ निंबापूरला राखेचा मोठा ढिगारा आहे. लोक म्हणतात वालीला रामानं मारला त्याच्या चितेची राख. असले ढिगारे त्या भागात लई आहेत, राक्षसांची हाडं जाळलेली म्हणतात. साहेब लोकांनी पण डोकं खाजवलं, कुणी म्हणालं ज्वालामुखी, कुणी म्हणालं लोखंडाची भट्टी. मग ऑलचिन म्हणून एकानं १९५७ ला उटनूरला खणून दाखवलं की ते शेण आहे. नवाश्मयुगातल्या लोकांचे गाईंचे वाडे, साठलेलं शेण परत परत पेटवलेलं, मातीत जनावरांच्या खुरांचे ठसे पण मिळाले. म्हणजे वाली नाही, गवळी निघाले. तुमची आजी पण गवळीच म्हणती की!

---

इस्लामपूर_ते_डब्लिन

गवळ्याचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी सध्या आयर्लंडला नोकरीला आहे, इथं न्यूग्रेंज म्हणून पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनाचं टेकाड आहे, आपल्या एखाद्या गढीएवढं, आत दगडी बोळ. इथल्या म्हाताऱ्यांत एक गोष्ट होती की वर्षातनं कधीतरी सूर्य आत शिरतो. सगळे म्हणायचे गोष्ट आहे झालं. १९६७ ला ओकेली नावाचा उत्खनन करणारा २१ डिसेंबरला पहाटे आत एकटा जाऊन बसला आणि दाराच्या वरच्या फटीतनं उन्हाची तिरीप सरळ आतल्या खोलीत आली. म्हणून म्हणतो आजीला एकदा नीट बसून विचारा, सगळं रेकॉर्ड करा मोबाईलवर. वीराला चीक कोणत्या दिवशी, खडा कुणी टाकायचा कुणी नाही, वऱ्हाड कुठनं कुठं चाललं होतं. पळीवाल्या बाईचं नाव सोडलं तरी चालंल.

---

बापू_कराडकर

पळीवाल्या बाईचं नाव तर पहिलं घ्या, वादच मिटंल.

जोक सोडा, मला एक कळतंय. आमच्या आगाशिवच्या डोंगराखाली जखीणवाडी आहे, वर दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, साठाच्या वर. आमच्या लहानपणी तिकडं तिन्हीसांजेला जायचं नाही, जखीण धरती. तेव्हा राग यायचा. आता लेण्यात जाऊन बघा, जिथपर्यंत लोकांची भीती गेली तिथपर्यंत 'राहुल लव्ह प्रिया' पोचलंय. मी भुताचं समर्थन करत नाही पण जखीण बिनपगारी वॉचमन होती हे खरं.

---

खापरवेडा_सातारा

बापू, शंभर टक्के. पण याला दुसरी बाजू आहे. जिथं गोष्ट 'हात लावला तर कोप होईल' अशी आहे तिथं जागा वाचती आणि जिथं गोष्ट 'खाली सात हंडे आहेत' अशी आहे तिथं रात्रीत खड्डा पडतो. मी स्वतः माण-खटावात वीरगळ बघत फिरतो, दर चार-पाच ठिकाणी एखादा वीर उलथून पाडलेला असतो आणि खाली कमरेएवढा खड्डा. मिळत काही नसतं. वीरगळाखाली बहुतेक ठिकाणी माणूससुद्धा पुरलेला नसतो, तो नुसता आठवणीचा दगड, माणसाला केव्हाच जाळलेलं. मी एका गावात विचारलं कुणी केलं तर म्हातारा म्हणाला, "बाहेरची पोरं होती." बाहेरची पोरं आणि शेजारची भावकी, दोघंच करतात सगळं महाराष्ट्रात.

तुमच्या आजीच्या गोष्टी दोन्ही जातीच्या आहेत बघा. वऱ्हाडाचा तळतळाट राखतो, तांब्याची भांडी खुणावतात. आणि भांड्यांची गोष्ट मला तर अशी दिसते (पटलं नाही तर सोडून द्या) की कधीतरी कुणाच्या नांगराला अशा टेकाडातनं खरोखर भांडं लागलं असणार. त्याचं उत्तर शोधता शोधता गोष्ट झाली. भांडी जमिनीतनं येतात, परत केली पाहिजेत, ठेवून घेतली तर वाईट होतं.

---

माणदेशी_गडी

सगळ्यांचे आभार, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

धोंडे मोजले. २३ मिळाले, पूर्वेकडचा तुकडा जेसीबीनं आधीच ओढलाय तिथं किती होते देव जाणे. खळगे दोन धोंड्यांवर आहेत, पण आमची आजी म्हणती त्यात ती लहानपणी बोरं ठेचायची, त्यामुळं कुणाचे खळगे काय माहीत. वीरावर खाली गाई आहेत, चार, आणि एक माणूस धनुष्य धरलेला, वरचं शेंदरानं बुजलंय. इतकी वर्षं चीक ओतला पण गाई कधी दिसल्या नव्हत्या मला. आजीला सांगितलं की हा गाई सोडवताना मेलेला माणूस आहे, तर ती म्हणाली "मग चीक उगीच घालत होतो का आम्ही?"

पोलिसपाटलांना अर्ज दिला, तारीख टाकून, पोच घेतली. डेक्कन कॉलेजला ईमेल केलाय फोटो लावून. तात्यांचं म्हणाल तर अजून फुगलेत पण काल ट्रॅक्टरनं सरी सोडताना टेकाडाच्या भोवतीनं वळवली, आतनं नाही. तीन-चार गुंठे गेले म्हणतात. ड्रायव्हरनं खरंच भाडं घेतलं नाही.

आता एक घोटाळा झालाय तेवढा सांगा. रांजण मी गोठ्यात आणून पोत्यावर ठेवला होता, वरनं कापड झाकलेलं. सकाळी बघतोय तर आजीनं त्याला हळदकुंकू वाहिलंय आणि पुढं वाटीत दूध ठेवलंय. कुंकू खापरावर चांगलंच बसलंय. पुसू का ठेवू?

---

खापरवेडा_सातारा

पुसू नका, ओलं फडकं तर अजिबात नको. दूध तेवढं लांब सरकवा, मुंग्या येतील आणि आत शिरतील. कुंकवासकट फोटो काढा आणि वहीत लिहून ठेवा की अमुक तारखेला आजीनं वाहिलं, नाहीतर उद्या तपासणाऱ्याला वाटंल ते पण तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. आणि तिथल्या तिसऱ्या बकेटची माती अजून पडली आहे का? ती उचलू देऊ नका, मी रविवारी चाळणी घेऊन येतो.